पुणे, डबल सीट

पुण्यात 'नवी गाडी घेतेय' म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'ॲव्हरेज किती देते?' मी सांगते, बिस्किटाच्या एका पुड्यात साधारण दोन किलोमीटर. मग त्याची ट्यूब पेटते की ही बया बाबागाडीबद्दल बोलतेय! तीही साधीसुधी नाही, डबल सीट. थोरली सव्वादोन वर्षांची, धाकटा अडीच महिन्यांचा. एकीला चालता येतं पण चालायचं नसतं, आणि दुसऱ्याची मान अजून पुरती सावरलेली नाही.

बाळंतपणाची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. ऑफिसातल्या बॅचलर मंडळींना वाटतं, वा, सहा महिने ऐश! ऐश कसली, साहेब? नवरा सकाळी आठला हिंजवडीच्या दिशेने जो गडप होतो तो रात्री उगवतो. सासूबाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. एकच लेक होती तेव्हा तिला कडेवर मारून मी कुठेही भटकत होते. दोन झाली आणि गणित फिरलं. दोघांना घेऊन बाहेर पडायचं तर तिसरा माणूस लागतो, आणि तिसरा माणूस मिळतो फक्त शनिवार-रविवारी. उरलेले पाच दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून पुणं बघायचं. पहिला महिना त्यातच गेला. दुसऱ्या महिन्यात मी उगीचच रडायला लागले, तेव्हा ठरवलं, बास. मला एखाद्या मंगळवारी सकाळी, कुणालाही न विचारता, दोन्ही पोरांना घेऊन जंगली महाराज रोडवर जाऊन कॉफी प्यायचीय. गाडीकडून माझी अपेक्षा एवढीच होती.

दुकानात गेलात की लक्षात येईल, तिथे सगळ्याच गाड्या भन्नाट पळतात. चकाचक टाइल्सवर कुठली पळणार नाही? सेल्समन एका बोटाने ढकलून दाखवतो, कपहोल्डर दाखवतो, आणि वर 'मॅडम, अमेरिकेत सगळे हीच वापरतात' अशी पुस्ती जोडतो. अमेरिकेत वापरत असतील हो, पण मला मयूर कॉलनीतून निघून मेट्रोचं आयडियल कॉलनी स्टेशन गाठायचंय, त्याचं काय? किमती दहा-पंधरा हजारांपासून सुरू होतात आणि बाहेरून आलेल्या गाड्या लाखाच्या पुढे जातात. एवढे पैसे मोजायचे तर आधी रस्ता मोजू, म्हटलं.

तसं बघायला गेलं तर बाबागाडी ही मुळात रस्त्यासाठी नव्हतीच. १७३३ साली इंग्लंडमध्ये विल्यम केंट नावाच्या बाग-रचनाकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी एक छोटी गाडी बनवली, तिला जनावर जुंपायचं आणि मुलांना बंगल्याच्या आवारात फिरवायचं. आपल्यासारख्या जिने चढणाऱ्या, रिक्षा पकडणाऱ्या लोकांच्या उपयोगाची गाडी यायला १९६५ उजाडावं लागलं. ओवेन मॅक्लॅरन हा विमानाचा इंजिनिअर, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला. त्याने ॲल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम पावणेतीन किलोची गाडी काढली. पण ती होती एका पोरासाठी. दुसरं पोर आलं की हलकेपणा संपला, हे सगळीकडे सारखंच.

डबल गाड्यांच्या मुख्य जाती चार. मी त्यांना घरगुती नावं ठेवलीत. शेजारी-शेजारी दोन सीटवाला 'सोफा'. एकामागे एक सीटवाली 'आगगाडी'. एक सीट वर आणि दुसरी खाली, जवळजवळ चाकांच्या मध्ये, तो 'डबलडेकर'. आणि साध्या सिंगल गाडीला मागे उभं राहायची फळी लावलेली, ती 'फळी'. आपल्याकडे दुकानात यातल्या बऱ्याचशा 'ट्विन' म्हणून विकल्या जातात, म्हणजे एका वयाच्या जुळ्यांसाठी. तिथे जरा डोळे उघडे ठेवा. तान्ह्या बाळाला जवळजवळ सपाट झोपता आलं पाहिजे. युरोपच्या ईएन १८८८ या मानकानुसार पाठ १५० अंशांपेक्षा कमी मागे जात असेल, तर ती सीट सहा महिन्यांखालच्या बाळासाठी नाही. 'ट्विन'मधल्या कित्येक गाड्या इथेच बाद होतात. सेल्समन म्हणेल, 'मागे एक उशी लावा ना.' उशी लावायची नाही. हसून पुढच्या गाडीकडे वळायचं.

डबलडेकर मी घरबसल्याच कटाप केला. खालच्या सीटवर झोपलेल्या पोराचं नाक कुठे येतं सांगू? बरोबर रिक्षाच्या सायलेन्सरच्या लेव्हलला. इंग्लंडच्या सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली हेच मांडलं होतं, की वाहनांच्या धुराचा सगळ्यात जास्त मारा जमिनीपासून पहिल्या मीटरभरात असतो, आणि बाबागाडीतलं मूल नेमकं तिथेच बसलेलं असतं. सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलात की वेगळ्या संशोधनाची गरजही पडत नाही म्हणा.

फळीवर मात्र माझं मन बसलं होतं. स्वस्त, हलकी, थोरलीला मिरवायला मिळणार, शिवाय फुटपाथ आला की ती टुणकन खाली उतरणार. घोडं अडलं साडेबाराला. कारण साडेबाराला ती झोपते. कुठेही असो, झोपते म्हणजे झोपतेच. फळीवर उभं राहून झोपता येत नाही. मग बारा किलोचं झोपलेलं पोर खांद्यावर, पाच किलोचं गाडीत, आणि आपण एका हाताने गाडी ढकलतोय... नको.

उरल्या दोन. सोफा आणि आगगाडी.

आता टेपची गोष्ट. एका सकाळी सासूबाईंना तासभर दोन्ही पोरं सांभाळायला लावून मी शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन निघाले. घर ते स्टेशन अंतर जेमतेम किलोमीटरभर. आमच्या लिफ्टचं दार ८० सेंटिमीटर. सोसायटीचं मोठं गेट बंद असतं, बाजूचं छोटं दार ६८. पुढे फुटपाथवर स्कूटर चढू नयेत म्हणून स्टीलचे खांब ठोकलेत, त्यांच्यातली फट एका ठिकाणी ९०, दुसऱ्या ठिकाणी ७१. एका जागी डीपीचा डबा आणि झाड यांच्या मध्ये ७४. लोक बघत होते. एका आजोबांनी थांबून विचारलं, 'रस्ता रुंदीकरण का?' मी म्हटलं, नाही आजोबा, बाबागाडी. ते म्हणाले, 'तेच ते.'

हे झालं फटींचं. उंचीचा हिशोब त्याहून मजेदार निघाला. आपल्याकडचा फुटपाथ हा सलग नसतोच मुळी. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तो संपतो आणि गेट ओलांडलं की पुन्हा सुरू होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं स्वच्छ लिहिलंय. माझ्या रस्त्यावर कडा १२ पासून २७ सेंटिमीटरपर्यंत निघाल्या. आणि चढणं-उतरणं मिळून किती वेळा? ३४! एका बाजूला. परत यायचं म्हणजे गुणिले दोन. रोज पायी जाताना हे जाणवतही नाही, आपण मोबाइल बघत टणाटण उड्या मारत जातो.

मग ट्रायल. अमेरिकेहून परत आलेल्या एका मैत्रिणीचा सोफा बाणेरहून आणला, रुंदी ७६, वजन तेरा किलो. मावसबहिणीकडून आगगाडी आणली, रुंदी ६१, लांबी सव्वा मीटरच्या आसपास, वजन जवळपास तेवढंच. पोरांऐवजी आधी पिठाच्या पिशव्या बसवल्या. पुढे पाच-पाच किलोच्या दोन आणि वर दोन किलो साखर, ही थोरली. मागे पाच किलोची एक, हा धाकटा. नवऱ्याने फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, ते जाऊ दे.

आगगाडी लिफ्टमधून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. छोट्या दारातून गेली, खांबांमधून गेली, डीपी आणि झाडाच्या मधूनही गेली. पण पहिल्याच कडेला अडली. कारण सोपं आहे, आठवीतली तरफ. कड चढायची तर हँडल दाबून पुढची चाकं उचलायची असतात. आगगाडीत पुढचं पोर मागच्या चाकांपासून हातभर लांब बसतं, म्हणजे बारा किलो वजन तरफेच्या टोकाला. हँडलवर अक्षरशः लोंबकळायला लागलं. पहिल्या पाच कडांत मनगटं बोलायला लागली आणि पोटावरचे टाके आठवले. सिझेरियननंतर डॉक्टर काय जड उचलू नका म्हणतात, त्याचा अर्थ तिथे कळला. सोफ्यात दोन्ही पोरं मागच्या चाकांच्या जवळ, शेजारी-शेजारी. हँडल जरा दाबलं की नाक वर. सत्तावीस सेंटिमीटरची कडसुद्धा त्याने घेतली, कुरकुरत का होईना.

म्हणजे बघा, आगगाडी फटीत पास, उंचीत नापास. सोफा उंचीत पास, फटीत नापास. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर यातलं काही, सांगून तरी पटलं असतं का?

मी सोफा घेतला. नवरा म्हणाला, अगं पण तो तर गेटमधूनही जात नाही! बरोबर आहे. पण मी जरा वेगळा विचार केला. माझ्या रस्त्यावर सोफा अडतो तो तीन ठिकाणी. पहिल्या ठिकाणी आमचे वॉचमन काका आहेत, ते आता लांबूनच बघून 'थांबा ताई' म्हणत मोठं गेट उघडतात. दुसऱ्या ठिकाणी खांबांना वळसा घालून दहा पावलं रस्त्यावरून चालावं लागतं, समोरच्या भाजीवाल्या मावशी हात दाखवून स्कूटरवाल्यांना थांबवतात. डीपीपाशीही तसंच, पाच पावलं खाली. फट अडली तर कुणाला तरी सांगता येतं. उंची मात्र चौतीस वेळा येते, आणि चौतीस वेळा कुणाला सांगणार? ज्याला आपण एकटीने बाहेर पडणं म्हणतो ते तीन ओळखीच्या माणसांवर चालतं, हे मला आवडलं. दहा अनोळखी पुरुषांना 'जरा उचलता का' विचारण्यापेक्षा फारच बरं.

दुसरी कुणी म्हणेल, माझ्या सोसायटीची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, त्यात सोफा शिरतच नाही. मग तिला आगगाडीच बरी, आणि कडा कमी असलेला रस्ता शोधणं आलं. औंध, बाणेरच्या रुंद फुटपाथवाल्यांनी हे सगळं वाचून हसावं, त्यांना हक्क आहे. बाकीच्यांनी आधी घरातला टेप काढावा.

घडी घालायची टेस्ट मात्र सगळ्यांनी करा. डाव्या हातात पाच किलो पिठाची पिशवी धरायची, ती बाळ आहे असं समजायचं, खाली ठेवायची नाही. आता उजव्या हाताने आणि पायाने गाडी मिटवायची. सेल्समनला करायला सांगा, मजा येते. पाऊस आला, रिक्षा थांबली आणि रिक्षावाले काका मान वळवून बघतायत, तेव्हा हेच करायचं असतं. सोफा मिटला की रिक्षात पायांशी आडवा बसतो, आपण पाय वर घेऊन बसायचं. ऐटदार दिसत नाही, पण घरी पोचतो.

आणि तो मंगळवार? आला एकदाचा. रिमझिम होती. पावसाचं प्लॅस्टिक कव्हर घातलं, पण बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवून, नाहीतर आत पोरं इडलीसारखी वाफवली जातात. चौतीस कडा, मोठं गेट, मावशींचा हात, आणि स्टेशन! स्टेशनवर आल्यावर मात्र एकदम परदेशात आल्यासारखं वाटतं. लिफ्ट आहे, व्हीलचेअरसाठीचं रुंद गेट आहे, त्यातून सोफा आरामात जातो, आणि गाडी व फलाट यांत कड नाही. या मार्गाचा वनाझ ते गरवारे कॉलेज हा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला आणि पुढचा रुबी हॉलपर्यंतचा १ ऑगस्ट २०२३ ला. थोरली पोटात असती तर मला ही चैन अर्धवटच मिळाली असती, पण तेव्हा गरजही नव्हती. आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे, डेक्कन, छत्रपती संभाजी उद्यान. दहा मिनिटांचा मामला. डेक्कनच्या आसपास मेट्रो मुठेच्या कडेने जाते. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं आणि भिडे पूल पाण्याखाली होता. पुण्यात पाऊस झाला की नाही हे वेधशाळेला विचारत नाहीत, भिडे पूल गेला का, असं विचारतात. थोरलीने काचेला नाक लावून 'पूल कुठेय?' असं सात वेळा विचारलं. बुडाला, म्हटलं. 'त्याची आई कुठेय?' या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

जंगली महाराज रोड हा तसाही पुणेकरांच्या कौतुकाचा विषय. १९७६ साली दहा वर्षांची गॅरंटी देऊन बांधलेला, खड्डे न पडणारा रस्ता म्हणून आमच्या आधीच्या पिढीने त्याचे पोवाडे गायले. मला कौतुक फुटपाथचं आहे. काही वर्षांपूर्वी तो रुंद केला, बसायला बाक आले, मुलांना लोंबकळायला खेळणी आली, आणि मुख्य म्हणजे बराच पट्टा सलग आहे. सोफा तिथे पहिल्यांदा सोफ्यासारखा चालला. शेजारून एक कॉलेजची जोडी हातात हात घालून आरामात पुढे गेली, तरी जागा उरली! बालगंधर्वच्या अलीकडे एका बाकाशी गाडी लावली, चाकाचा ब्रेक दाबला आणि टपरीवरची कॉफी घेतली. कागदी कपातली, जरा जास्तच गोड. धाकटा झोपला होता. थोरलीने मोठ्या मनाने आपलं बिस्किट त्याच्या ओठाशी नेलं, ते वेळेत पकडलं. सोफ्याचा हा एक धोका तुम्हाला कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. ताईचा हात भावाच्या तोंडापर्यंत पोचतो. आता मधे एक गुंडाळलेलं दुपटं खोचून ठेवते, बाळाच्या चेहऱ्यापासून लांब, कमरेपाशी. कॉफी संपेपर्यंत साडेबारा झाले आणि दोघंही झोपली. अर्धा तास मी नुसती बसून होते. कुणाशी बोलले नाही, फोनही बघितला नाही. घरी फोन आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, 'पोचलात का?' मी म्हटलं, केव्हाच.

सोफा सगळीकडे जात नाही, हे मान्यच आहे. तुळशीबागेत त्याला नेणं म्हणजे बोळात बस घालणं. तिथे सिंगल गाडीही नको, थोरलीचं बोट धरायचं आणि धाकटा पोटाशी सुती कॅरिअरमध्ये. कॅरिअर घेताना त्याचं किमान वजन बघा, बाळाची हनुवटी छातीवर टेकता कामा नये आणि चेहरा आपल्याला सतत दिसला पाहिजे. गणपतीचे दहा दिवस पेठांकडे चाकं वळवायचीच नाहीत. मांडवाचे वासे लागले की पुण्यातली प्रत्येक फट निम्मी होते, आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करायची नसते. काही बागांच्या दारात गाड्या शिरू नयेत म्हणून नागमोडी लोखंडी पाइप लावलेत. तिथे सोफा, आगगाडी, व्हीलचेअर, सगळे एकाच माळेचे मणी. आमच्या जवळच्या बागेत मी माळीदादांना विचारलं, बाजूचं कुलूप उघडाल का. आधी 'साहेबांना विचारायला लागेल' झालं, पुढच्या वेळी किल्ली खिशातच निघाली. व्हीलचेअरवरचे एक काका माझ्या मागे उभे होते. तेही आत आले.

माझी रजा डिसेंबरात संपते. २०२१ पासून ११ डिसेंबरला पुण्यात पादचारी दिन साजरा होतो आणि लक्ष्मी रोडचा काही भाग त्या दिवशी वाहनांना बंद असतो. एरवी तिथे सोफा उतरवायची माझी काय कुणाचीच हिंमत नाही. तोवर धाकटा बसायला लागलेला असेल, म्हणजे पाठ जरा उभी करता येईल आणि त्यालाही दुकानं दिसतील. घरापासून मंडई स्टेशनपर्यंत मेट्रो, मधे सिव्हिल कोर्टला बदलायची, तिथेही लिफ्ट आहे. मंडईपासून लक्ष्मी रोडपर्यंतच्या कडा तेवढ्या मोजायच्या राहिल्यात. पुढच्या आठवड्यात टेप घेऊन जाणार आहे.